सतरा नंबरचं पातं

देवरावभाऊ,

तुमच्या अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी मी कळंबला तुमच्या घरी आले, पाऊण तास बसले आणि फारसं न बोलता परत गेले. दुःखाच्या घरी फार बोलू नये म्हणतात, त्यामुळे माझं गप्प बसणं सगळ्यांना शहाणपणाचं वाटलं असेल. निघताना तुमचे शेजारी म्हणालेसुद्धा, "मॅडम लय हळव्या आहेत." हळवी कसली, मी भित्री आहे. हे फक्त तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत.

तुम्ही कधी भरती झालात, कुठे कुठे नोकरी केलीत, हे सांगायला उद्याच्या पुण्यानुमोदनाच्या, तुमच्या आठवणींच्या, कार्यक्रमात माणसं आहेत. मला आठवतं ते तुमचं कोतीतलं टेबल. कोत म्हणजे मुख्यालयातलं शस्त्रागार, आणि तुम्ही तिथले आर्मोरर, बंदुकांचे डॉक्टर. टेबलावर तेलाची बाटली, चिंध्यांचा गठ्ठा, लहानमोठ्या कानशी आणि रॉकेलची एक चिमणी. दिवसाढवळ्या चिमणी कशाला, असं मी पहिल्याच भेटीत विचारलं. तुम्ही एक रिव्हॉल्व्हर उचललीत, तिचं नेम धरायचं पुढचं पातं धुरावर धरून काळं केलंत आणि म्हणालात, "उन्हात लोखंड चमकते मॅडम. चमकलं का डोळा फसते. काजळी धरली का नाही फसत." मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. पुसदजवळच्या तांड्यातली पहिली फौजदार, खांद्यावर दोन नवे कोरे स्टार, आणि जगाला आपल्याला शिकवण्यासारखं फारसं उरलेलं नाही अशी पक्की समजूत.

तुम्हाला प्रत्येक रिव्हॉल्व्हरचा स्वभाव पाठ होता. नऊ नंबर डावीकडे ओढते. बाराचा चाप जड आहे, तिला पैलवान पाहिजे. "अन् हे सतरा नंबर तुमच्यासाठी. गरीब हाये. जे सांगान ते करते." दसऱ्याला कोतीत शस्त्रपूजा व्हायची. तुम्ही बौद्ध, म्हणून पूजेला उभे राहत नसायचात, आणि हे सगळ्यांना माहीत होतं. पण आदल्या दिवशी एकेक हत्यार असं पुसून मांडायचात की पूजा करणाऱ्यांना हळद-कुंकू लावायला मन व्हायचं नाही. सोनं मात्र सगळ्यांकडून हसत घ्यायचात. मी एकदा चिडवलं, "पूजा नाही, मग सोनं कसं चालते भाऊ?" तुम्ही म्हणालात, "मानूस देते न मॅडम. मानसाले नाही कसं म्हनाव."

मग तो वार्षिक गोळीबाराचा सराव आला. सहापैकी माझी एकच गोळी टार्गेटला कशीबशी लागली, तीही खाली, कोपऱ्यात. बाकीच्या मातीत. मागे उभ्या असलेल्या रांगेत कोणीतरी खोकलं. ते खोकणं मला अजून ऐकू येतं. मी वळून साहेबांना मोठ्यानं सांगितलं, "सर, वेपन खराब आहे. खाली मारतंय." नाचता येईना अंगण वाकडं. आमच्या याडीनं, म्हणजे आईनं, ही म्हण मला लहानपणी शंभरदा ऐकवली होती, पण खांद्यावर स्टार आले की आईच्या म्हणी विसरायला होतात.

साहेबांनी तुम्हाला बोलावलं. तुमचा एक नियम होता, तीन हातांचा. रिव्हॉल्व्हर चुकते अशी तक्रार आली की आधी तीन वेगवेगळ्या माणसांच्या हातून ती मारून बघायची, एकाच पेटीतली काडतुसं वापरून, आणि शेवटी वाळूच्या पोत्यावर हात टेकवून स्वतः. तिघांच्याही गोळ्या एकाच बाजूला गेल्या तर दोष हत्यारात. नाहीतर हातात. काडतुसांची पेटी बदलली तरी नेम बदलतो, हेही तुम्हीच सांगितलं होतं. जड गोळी वर लागते, हलकी खाली. मी हसले होते, जड वस्तू वर कशी जाईल? तुम्ही म्हणालात, "जड गोळी नळीतून हळू निंघते. तवरोक झटक्यानं नळी वर उचलते. मंग गोळी बी वरच जाईन न." तर त्या दिवशी तिघांना बोलावत न बसता तुम्ही थेट पोत्यावर हात टेकवून सतरा नंबरच्या सहा गोळ्या मारल्यात. टार्गेट काढून आणलंत. सहाही मधल्या काळ्या गोलात.

मी तो कागद तुमच्या हातात पाहिला. साहेब दहा पावलांवर होते, रांग पाहत होती. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, कागदाची घडी केलीत आणि शर्टाच्या आत सरकवलीत. "पाहतो साहेब," म्हणालात. "थोडा नुक्स असू शकते." तेवढ्यावर माझी अब्रू वाचली आणि आठ दिवसांनी पुन्हा फायरिंगची संधी मिळाली. ह्याबद्दल तुमचे आभार मानायचे हे मला सुचलंही नाही.

कोतीत आल्यावर मात्र तुम्ही स्पष्ट सांगितलंत. "गोळी सुटायच्या आधी तुम्ही दचकता. नळी खाली जाते. रोज सकाळी एक तास या, मी नीट करून देतो." मी एकच दिवस आले. तुम्ही रिकाम्या रिव्हॉल्व्हरच्या नळीवर एक रुपयाचं नाणं ठेवलंत. चाप ओढायचा आणि नाणं पडू द्यायचं नाही. ते अकरा वेळा पडलं. अकराव्या वेळी घरंगळत टेबलाखाली गेलं आणि तुम्ही गुडघ्यावर बसून ते शोधायला लागलात. तुमच्या वयाचा माणूस माझ्यासाठी फरशीवर रांगतोय, हे पाहून मला लाज वाटायला हवी होती. मला राग आला. "नाणी कायले पाडत बसू भाऊ? पातं थोडं घासून द्या, झालं." तुम्ही खालूनच म्हणालात, "लोखंड काहाडता येते मॅडम, लावता नाही येत."

ह्या जुन्या रिव्हॉल्व्हरना नेम फिरवायचा स्क्रू नसतो. मागे वरच्या बाजूला एक खाच, पुढे नळीच्या टोकाला एक पातं, बस्स. खाचेतून पातं दिसलं आणि पात्यावर टार्गेट बसलं की चाप ओढायचा. गोळी खाली लागत असेल तर एकच इलाज, पातं घासून बुटकं करायचं. बुटकं पातं नेमात आणायला नळी जरा वर धरावी लागते, गोळीही वर जाते. तुम्हीसुद्धा हे काम करायचात, पण पाच वेळा कानस फिरवली की थांबायचात, सहा गोळ्या मारून बघायचात, मग पुढचे पाच. एका पात्याला तुमची अख्खी सकाळ लागायची. मला ते नाटक वाटायचं.

आठ दिवसांनी मैदानावर पुन्हा फायरिंग होती. हत्यारांची पेटी आणि तुमची अवजारं गोळ्या अडवणाऱ्या चांदमारीच्या टेकाडाजवळ कडुलिंबाखाली होती. जेवणाची सुट्टी झाली. तुम्ही सायकल काढलीत आणि पेटीची चावी माझ्या हातात दिलीत. "मॅडम, अर्ध्या घंट्यात येतो. पेटीवर ध्यान ठेवजा." असं तुम्ही कधीच करत नसायचात. त्या दिवशी काहून केलंत ते मला तेव्हा कळलं नाही, आणि मी विचारही केला नाही. तुम्ही वळणाआड जाताच मी पेटी उघडली, सतरा नंबर काढली आणि कानस हातात घेतली.

बावीस वेळा फिरवली. मोजली होती मी. पात्याच्या टोकाला लख्ख चांदीसारखं लोखंड दिसायला लागलं. आता हे लपवायचं कसं? चिमणी पेटवावी तर धूर दिसेल. मी पर्स उघडली आणि काजळाची डबी काढली. बोटावर काजळ घेऊन त्या चमकणाऱ्या कडेवर लावलं, रुमालानं जास्तीचं पुसलं आणि पेटी बंद केली. तुम्ही घामाघूम होऊन परत आलात तेव्हा मी सावलीत बसून डबा खात होते. तुम्ही चावी घेतलीत आणि म्हणालात, "मॅडम, फायरिंगच्या आधी दोन मिन्टं तुमच्याशी काम होतं." मी म्हणाले, "नंतर."

दुपारी माझ्या सहापैकी पाच गोळ्या आत लागल्या. माझं दचकणं तसंच होतं, नळी तशीच खाली जात होती, पण आता पातंही तेवढंच खोटं झालं होतं, दोन खोट्यांनी मिळून एक खरं केलं. रांगेनं टाळ्या वाजवल्या. साहेब इतके खूश झाले की म्हणाले, "आणा इकडे, या सतरा नंबरची जादू मलाही बघू दे." मी काय करणार होते? त्यांनी शिस्तीत उभं राहून सहा गोळ्या मारल्या. सहाही टार्गेटच्या डोक्यावरून मागच्या टेकाडात गेल्या. मागच्या रांगेत पुन्हा कोणीतरी खोकलं, ह्या वेळी माझ्यासाठी नाही.

साहेबांनी पात्यावरून अंगठा फिरवला. अंगठा काळा झाला, खालचं लोखंड चमकलं. "हे कोणी घासलं?" असं त्यांनी विचारलं. तुम्ही पुढे होऊन रिव्हॉल्व्हर हातात घेतलीत. तो काळा रंग बोटावर घेतलात, दोन बोटांत चोळलात. चिमणीची काजळी कोरडी असते, बोटावर भुरभुरते. हा रंग तुपकट होता. मग तुम्ही मान वर करून माझ्याकडे पाहिलंत. चेहऱ्याकडे नाही, डोळ्यांकडे, माझ्या काजळ घातलेल्या डोळ्यांकडे. मैदानावर त्या दिवशी दुसऱ्या कोणीही काजळ लावलेलं नव्हतं. तुम्ही बोटं पँटला पुसलीत.

"माह्या हातानं झालं साहेब. अंदाज चुकला."

मी तीन पावलांवर उभी होते. तोंड उघडायला एक श्वास पुरला असता. मी तो घेतला नाही.

चोर सोडून संन्याशाला सुळी देतात म्हणतात. इथे तर संन्यासी स्वतः पायऱ्या चढून गेला आणि चोर खाली टाळ्या वाजवणाऱ्यांत उभा राहिला. तुम्हाला कोतीतून काढून मुख्यालयाच्या गेटवर दिलं. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. ज्या माणसाला नळीत डोकावून किती गोळ्या चालल्या ते कळायचं, तो गाड्यांचे नंबर लिहायला लागला. रोज सकाळी माझी जीप गेटमधून आत यायची आणि तुम्ही टाच जुळवून मला सलाम करायचात. मी सलाम परत करायचे आणि दुसरीकडे बघायचे. पोलीस लाईनमध्ये बोललं जायचं, देवरावची नजर गेली, म्हातारा झाला. मीसुद्धा एकदा ते ऐकून "हं" म्हणाले होते. बाकी सगळं एका बाजूला ठेवलं तरी त्या "हं"ची लाज मला सगळ्यात जास्त वाटते.

त्या दिवसापासून मी काजळ लावणं सोडलं. यालाच प्रायश्चित्त म्हणतात असं मला बरीच वर्षं वाटत होतं. स्वस्तात सुटायची सवय, दुसरं काय.

एकदाच धीर करून मी गेटवर जीप थांबवली होती. आठवतं? ड्रायव्हरला चहाला पाठवलं आणि विचारलं, "भाऊ, काहून केलं तुम्ही असं?"

"पेटी माह्या ताब्यात होती. चावी मी दुसऱ्याच्या भरोशावर सोडली. मंग चूक कोनाची?"

"घासलं तर मी."

"ते मले माहीत हाये."

"मी जाऊन सांगते साहेबांना."

तुम्ही रजिस्टरवरून मान वर केली नाहीत. "सांगा न. मी कुठं तुमाले धरून ठेवलं?"

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला, तुम्हाला गेट उघडायला धावावं लागलं आणि आपलं बोलणं तिथेच राहिलं. तुम्ही मला अडवलं नव्हतंत. ही गोष्ट मी स्वतःला कित्येक वर्षं उलटी करून सांगितली, की देवरावभाऊंनीच नको म्हटलं, त्यांच्या शब्दाखातर मी गप्प आहे. तुम्ही नको म्हटलं नव्हतं. तुम्ही वाट बघत होता. मी जीपमध्ये बसले आणि आत गेले.

तुमचा रागही आला आहे मला, खोटं कशाला बोलू. मला न विचारता तुम्ही ते ओझं का उचललंत? बाईमाणूस म्हणून दया केलीत? की तांड्यातून आलेली पहिली पोर, हिचं नाव खराब झालं तर मागून येणाऱ्या दहा जणींना ऐकावं लागेल, असा हिशेब केलात? तुम्ही स्वतः कोणत्या वस्तीतून, काय काय ऐकत वर आलात हे मला माहीत आहे, म्हणून मला हे दुसरंच खरं वाटतं. पण मग भाऊ, त्या पोरीला खरं बोलायला भाग पाडायला हवं होतं. रागानं एक शब्द जरी बोलला असता तर मी वाचले असते. असं लिहिते आणि माझं मलाच कळतं की मी पुन्हा दुसऱ्यावर ढकलते आहे. जाऊ द्या. तुमच्या निरोप समारंभात भाषणसुद्धा मीच केलं होतं. "प्रामाणिकपणा शिकावा तर देवरावभाऊंकडून." तुम्ही गळ्यातला हार सावरत खाली बघत होता. लोकांना वाटलं, भरून आलंय.

तुम्ही गेटवर गेल्यावर मी रोज सकाळी दार लावून नाण्याचा सराव केला. दीड महिन्यात ते पडायचं थांबलं. मला जे काही मारता येतं ते तुमचं आहे. फक्त हे तुम्हाला सांगायला मी कधी आले नाही, कारण आले असते तर दुसरं पण सांगावं लागलं असतं.

आता त्या पाऊण तासाबद्दल. वहिनींनी मला चहा दिला. तुमची प्रज्ञा शेजारी बसली होती. वहिनी सहजच म्हणाल्या, "साऱ्या नोकरीत डाग नोयता मॅडम. शेवटी शेवटी हात चुकला त्याईचा. घरी येऊन एवढंच बोलले, माह्या हातानं झालं." म्हणजे घरीसुद्धा. तुम्ही तुमच्या बायको-पोरीलासुद्धा खरं सांगितलं नव्हतंत. नऊ वर्षं त्या घरानं माझी चूक तुमची म्हणून सांभाळली. मग वहिनी आत गेल्या आणि एक डबा घेऊन आल्या. त्यात सागवानाची एक मूठ होती, रिव्हॉल्व्हरला बसवायची, दोन तुकड्यांची, कानशीनं आणि पॉलिशपेपरनं गुळगुळीत केलेली. "त्या आठवड्यात रोज संध्याकाळी हेच करत बसत. कोनासाठी ते सांगतलं नाई. त्या दिवशी दुपारी हेच घ्यायले सायकलनं लाईनीतल्या घरी आलते. पहा न, कितीक लहान आहे. मानसाच्या हाताची नाई वाटत."

प्रज्ञानं ती माझ्या हातात ठेवली. ती माझ्या हाताची होती, देवरावभाऊ. बोट बरोबर चापापर्यंत पोहोचेल एवढीच जाड. सरकारी मूठ मोठ्या पंजासाठी केलेली, माझं बोट चापापर्यंत ओढूनताणून जायचं आणि म्हणून मी हिसका द्यायचे, हे तुम्ही त्या अकरा नाण्यांत ओळखलं होतंत. माझी तक्रार थोडीशी खरी होती, आणि तुम्ही इलाज घेऊन घामाघूम येत होता, तेव्हा मी बावीस मोजत होते. ते दोन मिनिटांचं काम हेच होतं.

"छान केली आहे," मी म्हणाले आणि मूठ डब्यात ठेवून दिली. मैदानावर "नंतर" म्हणून टाळली होती, आता दुसऱ्यांदा.

दोन रात्री नीट झोप लागली नाही. आज सकाळी वरिष्ठांना अर्ज दिला. सगळं लिहिलं, तारखेसकट. चौकशी होईल, समोर आलेली बढती बहुतेक जाईल, जाऊ दे. अर्जाची प्रत घेऊन दुपारी पुन्हा कळंबला आले. वहिनी ओट्यावर उद्यासाठी तांदूळ निवडत होत्या. मी त्यांच्याजवळ खाली बसले आणि हळूच सगळं सांगितलं. काजळाचंसुद्धा. त्यांचा हात थांबला नाही. त्या खडे काढत राहिल्या.

"आता सांगता," त्या म्हणाल्या. "त्याईले ऐकू येत होतं तवा काहून नाई सांगतलं?"

मी अर्जाचा कागद पुढे केला. म्हणाले, "वरती लेखी दिलंय वहिनी. भाऊंच्या रेकॉर्डवरचं नाव साफ होईल."

त्यांनी कागदाला हात लावला नाही. "कागद साहेब लोकं वाचतीन. ते गेटवर उभे होते तवा सारी लाईन पाहत होती. पोरीच्या शाळेतल्या बायका विचारत, तुह्या बाबाची नजर गेली का म्हनून. अन् तुम्ही मले येऊन कानात सांगून राह्यल्या."

"उद्या सगळ्यांसमोर सांगते. लिहून आणते."

"काय लिहिता?"

मी म्हणाले, भाऊंना उद्देशून लिहीन, त्यांच्या फोटोसमोर उभी राहून वाचीन, त्यांची माफी मागीन. वहिनींनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"त्याईले तर सारं माहीतच होतं बाई. फोटोकडं तोंड करून नका बोलू उद्या. लोकायकडं तोंड करून बोला."

घरी येऊन हे लिहायला बसले, कारण सवयीनं आधी तुमच्याशीच बोलावंसं वाटलं. लिहून झालं. उद्या यातली एकही ओळ वाचणार नाही. सकाळी दहाला, देवरावभाऊ, मी तुमच्याकडे पाठ करून उभी राहीन.